एका शब्दावर अडलेलं मंडळ

मंडळाचं नाव इथे देत नाही, माणसांचीही देत नाही. पुण्यात नाव न घेता कुणाबद्दल बोलतोय हे कळायला अर्धा दिवस पुरतो, तरी तेवढा आडपडदा असू द्या. मी त्या बैठकांचं इतिवृत्त लिहीत होतो. प्रकरण असं: १८५७च्या बंडाची डोळ्यांदेखतची हकीगत लिहून ठेवणारे विष्णुभट गोडसे, त्यांच्या नावाने साहित्य मंडळ काढायचं ठरलं, सगळ्यांचं एकमत होतं, पैसेही थोडेफार होते, आणि तरी मंडळ पाच महिने एका शब्दावर अडून राहिलं.

शब्द होता ‘रोजनिशीकार’.

माडीवरचे शनिवार

सदाशिव पेठेतल्या एका वाड्यात, बिल्डरचा हात अजून न लागलेल्या माडीवर, आम्ही आठ-दहा जण दर शनिवारी संध्याकाळी जमायचो. एक पुस्तक घ्यायचं आणि ते मोठ्याने, शेवटपर्यंत वाचायचं, एवढाच नियम. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले एक काका या सगळ्याचे कर्तेधर्ते. मोडीचे वर्ग घेणाऱ्या एक बाई, दिवाणी कोर्टात वकिली करणारे एक गृहस्थ, अर्धं वर्ष लेकीकडे इंग्लंडमध्ये आणि अर्धं कर्वेनगरात काढणारे एक आजोबा, कॉम्प्युटरच्या कंपनीतला एक मुलगा, आणि बाकी येऊन-जाऊन असणारी मंडळी.

पुस्तक लागलं ‘माझा प्रवास’. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट. घरात कर्ज, पोटापाण्याची ओढाताण. मथुरेला ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार आहेत, दक्षिणा भरपूर मिळेल, असं ऐकून ते १८५७ साली आपल्या चुलत्यांबरोबर उत्तरेकडे निघाले. महूच्या आसपास शिपायांकडून बंडाची कुणकुण लागली, आणि दक्षिणेसाठी निघालेला भिक्षुक सरळ बंडाच्या तोंडी जाऊन पडला. ग्वाल्हेर, झाशी, काळपी, चित्रकूट, काशी. १८५८ मध्ये सर ह्यू रोजच्या फौजेने झाशीला वेढा घातला तेव्हा हे आत होते. मिळालेलं सगळं वाटेत लुटलं गेलं. घरी परतताना खांद्यावर उरली ती गंगेच्या पाण्याची कावड, आईवडिलांना गंगास्नान घालायची.

हे सगळं त्यांनी लिहून काढलं १८८३च्या सुमारास, इतिहासकार चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून. छापायचं मात्र आपल्या मागे, कारण सरकारची भीती. त्याप्रमाणे वैद्यांनी ते १९०७ साली छापलं. पण छापताना त्यांनी भाषा घासूनपुसून घेतली, काही मजकूर गाळला. मूळ मोडी हस्तलिखित त्यांनी १९२२ मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळाला दिलं, आणि त्यावरून महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ पाठ प्रसिद्ध केला.

हा तपशील आम्हाला पुस्तकांतून कळला तो नंतर. आधी कळला कानांनी. काका त्यांच्या वडिलांच्या वेळची जुनी प्रत घेऊन वाचत होते आणि बाई पोतदारांची प्रत मांडीवर ठेवून ओळींवरून बोट फिरवत होत्या. मध्येच बोट थांबे. “अहो काका, तुम्ही एक आख्खा परिच्छेद गाळलात.” काका चष्मा वर करून म्हणत, “मी? माझ्यात तो नाहीच!” असं तीन-चारदा झाल्यावर आम्ही वाचायची पद्धत बदलली. काका वाचणार आणि वैद्यांनी गाळलेला मजकूर आला की बाई टेबलावर टिचकी मारून तेवढाच वाचणार. आम्ही जे ऐकायचो ते पुस्तक थोडं आणि संपादकाच्या कात्रीचा आवाज जास्त. खरं सांगायचं तर माझ्या मते मंडळाची स्थापना त्या टिचकीपाशीच झाली होती, पुढचं सगळं कागदोपत्री.

औपचारिक सुरुवात झाली ती झाशीच्या लुटीच्या पानांवर. गोरे शिपाई शहरात शिरल्यावर कशी दिवसागणिक लूट झाली, आधी सोनंनाणं, मग भांडीकुंडी, अशा उतरत्या क्रमाने भटजी सांगत जातात. त्यातच झाशीच्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण येते. माणसं मेलेली सांगताना ज्याचा हात थरथरत नाही असं वाटतं, त्या माणसाला पोथ्या गेल्याचं दुःख आवरत नाही. वाचन संपलं तेव्हा कुणी उठेना. खालच्या अमृततुल्यातून आलेला चहा गार होऊन त्यावर साय धरली होती. काका म्हणाले, “या माणसाच्या नावाने पुण्यात काहीतरी असायला हवं.”

वकिलांनी पुढच्या शनिवारी कच्चा मसुदा आणलादेखील.

पेन्सिलची रेघ

मसुद्यातलं पहिलं कलम असं होतं की थोर रोजनिशीकार कै. विष्णुभट गोडसे यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ हे मंडळ स्थापन होत आहे. बाईंनी पर्समधून पेन्सिल काढली, ‘रोजनिशीकार’खाली रेघ ओढली आणि कागद पुढे सरकवला.

“हे चुकीचं आहे.”

“काय चुकीचं?” वकील.

“रोजनिशी म्हणजे रोजच्या रोज लिहिलेली. यांनी जवळजवळ पंचवीस वर्षांनी आठवून लिहिलंय. याला रोजनिशी म्हणत नाहीत.”

काकांचं म्हणणं वेगळं. लोकांना पटकन कळेल असं काहीतरी हवं. ‘आठवणीकार’ म्हटलं तर राजकारणातला निवृत्त माणूस वाटतो, ‘प्रवासवर्णनकार’ म्हटलं तर युरोपच्या सहली डोळ्यांपुढे येतात, आणि ‘बखरकार’ तर मुळीच नाही. त्यापेक्षा रोजनिशीकार भारदस्त आहे. “दिवसांचा हिशेब तर देतातच ना ते? मग झालं!”

त्यावर बाईंनी जे सांगितलं ते मला आधी ठाऊक नव्हतं. आपल्याकडे ‘रोजनिशी’ म्हटलं की जुना अर्थ मन मोकळं करायची वही असा नाहीच. गणेश चिमणाजी वाडांनी उतारे निवडून काढले ती पेशव्यांची रोजनिशी म्हणजे दफ्तर: कोणाला इनाम दिलं, कोणाचा दंड माफ केला, कुठल्या घाटाची दुरुस्ती, कोणत्या देवस्थानाला नेमणूक. पेशवे दफ्तरात रुमालांत बांधलेले असे कागद ढिगांनी आहेत, आणि त्यात पेशव्याच्या मनात काय होतं याचा एक शब्द सापडायचा नाही. म्हणजे आपली रोजनिशी कारकुनाची, आणि आपण जिला आज डायरी म्हणतो ती वेगळीच वस्तू. “तेव्हा भटजींना रोजनिशीकार म्हणणं दोन्ही अर्थांनी चूक,” बाई म्हणाल्या आणि पेन्सिल परत पर्समध्ये ठेवली.

इथपर्यंत ही पुणेरी शब्दकीस वाटेल. मलाही वाटली. पहिल्या महिन्याचं माझं इतिवृत्त वाचलं तर ‘चर्चा अपूर्ण’ हे दोन शब्द चार वेळा येतात. कॉम्प्युटरवाल्या मुलाने एकदा सरळ विचारलं, “आत्ता काहीही लिहू या, मग बदलता येईल ना?”

वकिलांनी चष्मा काढला. कोर्टातली माणसं चष्मा काढतात तेव्हा ऐकावं.

साहित्य मंडळ नोंदवायचं तर लागतो तो संस्था नोंदणी अधिनियम, १८६०. किमान सात सभासद, संस्थेची घटना, नियमावली, संमतीपत्रं, जागेचं ना-हरकत पत्र. शिवाय आपल्याकडे सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली धर्मादाय कार्यालयाची नोंद. हे सगळं होऊन जातं. पण एकदा नोंदलेला उद्देश बदलायचा झाला तर १८६०च्या कायद्याचं कलम १२ पाहा: प्रस्ताव प्रत्येक सभासदाला दहा दिवस आधी पोचला पाहिजे, खास सभेत तीन-पंचमांश मतांनी मंजूर झाला पाहिजे, आणि महिन्याभराने पुन्हा दुसरी खास सभा घेऊन तितक्याच मतांनी कायम झाला पाहिजे. “आज आठ जण एका शब्दावर एक होत नाहीत,” वकील म्हणाले, “उद्या ऐंशी झाले तर तीन-पंचमांश कुठून आणाल?”

(जाता जाता: आपलं मंडळ ज्या कायद्याखाली नोंदायचं तो १८६०चा, म्हणजे बंड मोडल्यावर बसवलेल्या नव्या घडीतला. भटजींना ज्या सरकारची धास्ती होती त्याच सरकारचा. हे मी सभेत बोललो, तर काकांनी ‘इतिवृत्तात घेऊ नका’ असं सांगितलं.)

तर शब्द आत्ताच सोडवणं भाग होतं. आणि तो सोडवताना लक्षात आलं की भांडण शब्दाचं नाहीच. मंडळ करणार काय, याचं आहे. काकांच्या मनात होतं एक व्याख्यान, एक जयंती, झालंच तर तैलचित्र. बाईंच्या मनात मूळ मोडी पाठाचं वाचन आणि त्यासाठी मोडी येणारी चार माणसं तयार करणं. मुलाच्या मनात नकाशा: भटजींचा मार्ग, मुक्कामागणिक. ‘रोजनिशीकार’ हा शब्द काकांच्या मंडळाला चालत होता. बाईंच्या मंडळाला तो चालणं शक्य नव्हतं, कारण त्यांचं सगळं काम भटजींनी कधी लिहिलं, का लिहिलं आणि कोणी कापलं यावरच उभं होतं.

मधल्या काळात एक देणगीदार आले आणि गेले. लाखभर रुपये देतो, वडिलांच्या नावे दर वर्षी पुरस्कार द्या म्हणाले. ‘माझा प्रवास’ वाचलंय का, असं बाईंनी विचारलं. वाचू की, म्हणाले. काका पुढे दोन आठवडे बाईंशी फक्त कामापुरतं बोलत होते.

आजोबांचं टिपण

आजोबा फार बोलत नसत. मार्चमध्ये इंग्लंडहून परतले ते फुलस्केपच्या चार पानांचं टिपण घेऊन. परदेशात डायरी लिहिणाऱ्यांच्या नावाने मंडळं कशी चालतात, हा विषय. मला वाटलं आता अर्धा तास झोप. पण त्या चार पानांनी गाडी रुळावर आली.

पहिलं उदाहरण सॅम्युएल पीप्सचं. लंडनच्या आरमारी कचेरीतला अधिकारी. १ जानेवारी १६६० ला डायरी सुरू केली, ३१ मे १६६९ ला डोळे जातील या भीतीने थांबवली. त्यात १६६५चा प्लेग आहे, १६६६ची आग आहे, आणि आगीच्या भीतीने बागेत खड्डा खणून पुरून ठेवलेलं चीजसुद्धा आहे. लिहिलं सगळं लघुलिपीत. मरताना स्वतःचा ग्रंथसंग्रह अशा अटींवर मागे ठेवला की तो अखेर केंब्रिजच्या मॉडलिन कॉलेजात अखंड राहिला. डायरी छापली गेली १८२५ मध्ये. ती उलगडणाऱ्या जॉन स्मिथने तीन वर्षं अक्षरांशी झटापट केली, आणि त्या लघुलिपीचं पुस्तक त्याच संग्रहात, हाताच्या अंतरावर पडून होतं. इथे मोडीच्या बाईंनी जो सुस्कारा टाकला तो इतिवृत्तात कसा लिहावा मला कळलं नाही. पीप्सच्या नावाचा क्लब निघाला १९०३ साली, त्याच्या मृत्यूला दोनशे वर्षं झाल्यावर.

दुसरं उदाहरण मात्र सगळ्यांना टोचलं. फ्रान्सिस किल्व्हर्ट, वेल्सच्या सरहद्दीवरच्या क्लायरो गावातला धाकटा पाद्री. १८७० ते १८७९ डायरी लिहिली, लग्न झालं आणि थोड्याच आठवड्यांत वारला. वह्या घराण्यात राहिल्या. विल्यम प्लोमरने १९३८ ते १९४० मध्ये निवडक भाग तीन खंडांत छापला, लोकांना वेड लागलं, आणि १९४८ मध्ये किल्व्हर्टच्या नावाने सोसायटी निघाली. त्याची गावं, चर्चं, पाऊलवाटा पाहायला माणसं जाऊ लागली. आणि सोसायटी अशी भरात असताना, पन्नाशीच्या दशकात, घराण्यातल्या एका वृद्ध बाईंनी बहुतेक वह्या नष्ट केल्या. बावीसपैकी तीन उरल्या.

“सोसायटी होती तेव्हा?” काकांनी विचारलं.

“होती.”

माडीवर पंखा तेवढा कुरकुरत होता. मग काका म्हणाले, “आपल्या भटजींचं हस्तलिखित तरी जागेवर आहे.”

ते खरंच जागेवर होतं. माडीवरून चालत दहा मिनिटांवर, वि. का. राजवाडे आणि खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० मध्ये स्थापलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात. वैद्यांनी १९०७ च्या छपाईत काय केलं यावर आपण कितीही बोटं मोडू, पण कापलेला मूळ कागद त्यांनी फेकला नाही, संस्थेच्या हवाली केला. संपादकाने स्वतःविरुद्धचा पुरावा असा स्वतःच जमा करून ठेवावा, हे मला त्यांच्या सगळ्या संपादनापेक्षा मोठं वाटतं. म्हणजे भटजींच्या बाबतीत जतनाचं काम आपल्या आधीच झालेलं आहे. मग आपण काय करायचं?

पिशवी

याचं उत्तर एका पिशवीतून आलं. आमच्या वाचनाला कधीमधी येणाऱ्या नारायण पेठेतल्या एका काकू त्या शनिवारी वर आल्या त्या धापा टाकत. हातात किराणा दुकानाची कापडी पिशवी. आत अकरा डायऱ्या, औषधकंपन्या नवीन वर्षाला वाटायच्या तशा. सासऱ्यांच्या. “वाडा पाडणार आहेत. मुलगा म्हणतो रद्दीत टाक. तुम्ही लोक जुनं वाचता म्हणून आणलं.”

१९६१ची डायरी बाईंनी उघडली आणि थेट जुलै काढला. पुण्यातला कुणीही तेच करील. १२ जुलै १९६१, बुधवार: पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला गेलं आणि मुठेचं पाणी पेठांत शिरलं. पानावर आधी रोजच्यासारखं दूध किती घेतलं ते. मग कचेरीला निघाल्याचं. मग पुलाकडून परत फिरावं लागल्याचं एक वाक्य. नदीला पाणी वाढतंय असं लोक म्हणतात, इतकंच. बस्स. पानाचा खालचा अर्धा भाग कोरा, आणि त्या कोऱ्या भागावर चहासारखा पिवळसर डाग, एका बाजूने वर चढत गेलेला. पुढची दोन पानं कोरी. तिसऱ्यावर पुन्हा हिशेब: दूध नाही, रॉकेल कुठून आणलं, माळ्यावर कोणतं सामान वाचलं.

बाईंनी ते पान काकांसमोर धरलं. “ही रोजनिशी. बघा, सकाळी दूध लिहिणाऱ्याला दुपारचं माहीत नाही. आपल्या भटजींना झाशीत शिरताना पुढचं सगळं माहीत आहे, कारण ते पंचवीस वर्षांनी शिरतायत.”

काका बराच वेळ त्या डागाकडे बघत होते. लहानपणी ते शनिवार पेठेत राहत होते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं. ते म्हणाले, “मसुदा द्या.” आणि ‘रोजनिशीकार’ स्वतःच्या हाताने खोडला.

आता पहिलं कलम असं आहे: विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथाच्या मूळ पाठाचे वाचन व अभ्यास, आणि आठवणी, प्रवासवृत्ते, रोजनिशा, पत्रे, घरखर्चाच्या वह्या असे मराठीतील खासगी लेखन शोधणे, वाचणे व जतन होण्यास साहाय्य करणे. वाक्य लांबलचक आणि बेढब आहे. ‘घरखर्चाच्या वह्या’ काकूंच्या आग्रहाने आल्या. ‘जतन करणे’ असं आधी होतं, त्याचं ‘जतन होण्यास साहाय्य करणे’ वकिलांनी केलं. आपल्याकडे कपाट नाही, तर करणे कुठून लिहायचं? जयंती राहिली, कारण काकांना एवढं तरी द्यायला हवं होतं. तैलचित्र गेलं. छापायचं काय, तर सध्या काही नाही. वैद्य १९३८ मध्ये वारले, त्यांच्या आवृत्तीवरचा हक्क केव्हाच संपला आहे. पोतदार १९७९ मध्ये वारले, त्यांची प्रस्तावना-टिपा अजून हक्काखाली आहेत. ज्या प्रतीवरून मंडळ निघालं तीच जशीच्या तशी छापता येत नाही.

चूक कुठे झाली, असं मला विचाराल तर देणगीदारांच्या बाबतीत. लाखभर रुपयांत एक स्कॅनर आणि लोखंडी कपाट आलं असतं; पुरस्काराऐवजी ते द्या, असं त्यांना विचारायला हवं होतं. आम्ही नाही म्हणण्यात इतके रमलो की दुसरं काही मागायचं सुचलंच नाही. पाच महिने वाया गेले असं मात्र मी म्हणणार नाही. फार तर तीन गेले.

राहता राहिली पिशवी. अर्ज अजून दाखल व्हायचा होता. काकूंनी विचारलं, “पावती द्याल ना?” आम्ही एकमेकांकडे बघितलं. संस्था नाही, शिक्का नाही, पावतीपुस्तक नाही. वह्या घेतल्या तर त्या कोणाच्या ताब्यात? वकील म्हणाले, घेऊ नका. काकू म्हणाल्या, मग मी परत नेते. त्या माडीवरच्या पिवळ्या दिव्याखाली मुलाने मोबाइलवर १९६१च्या डायरीचं पानन् पान टिपलं, मी पानं उलटत होतो, बाई कोपरे बोटाने दाबून धरत होत्या. साडेनऊला एकच डायरी झाली. काकूंनी बाकीच्या दहा मोजून पिशवीत भरल्या, आपल्या मुलाला रद्दीवाल्याला आठ दिवस थांबव म्हणून फोन केला, आणि कठड्याला धरत जिना उतरल्या. पुढच्या शनिवारी १९६२.